भरलेला खेकडा, पोकळ आकडा

चहा संपलेली पांढरी बशी भाचीने पागोळीखाली धरून विसळली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि ओटीवरच्या बाकावर ठेवून तीत एक थेंब टाकला. तिच्या दुसऱ्या हातात खेकडा होता. पाठीकडून धरलेला, नांग्या हवेत वळवणारा. चालायच्या पायाच्या बुडाशी, सांध्यात जो मऊ पापुद्रा असतो, तिथून बारीक सुईने तो थेंब निघाला होता. काम होताच खेकडा बादलीत गेला आणि कडेला पाठ लावून फुगून बसला.

जुलैची संध्याकाळ. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर. वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा याच दिवसांत. धुक्यामुळे समोरचा फणससुद्धा दिसत नव्हता. मामा सावंतवाडीला तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवून घरी परतलेले. भाची गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर पीएच.डी. करते. घाटावरच्या ओढ्यांतले खेकडे आणि घाटाखाली सुपारीच्या बागांतून वाहणाऱ्या ओढ्यांतले त्याच जातीचे खेकडे, यांच्या रक्तात फरक पडतो का, हा तिचा प्रश्न. मी पाहुणा, मधे बोलायचं नाही असं ठरवून बसलेला. त्या संध्याकाळचा वाद बशीभोवती फिरला आणि बशीतला थेंबही होता तसा राहिला नाही, म्हणून दोन्ही लिहून ठेवतो.

मामा : याला रक्त म्हणायचं? हे तर पेजेवरचं निवळ.

भाची : जरा हवा लागू द्या. हं, आता बघा.

(थेंबाच्या कडेला फिकट निळी झाक आली होती. शाईची दौत धुताना शेवटच्या पाण्याला असते, तेवढीच.)

मामा : मोरचूद!

भाची : जवळ आलात. तांबंच आहे ते. आपल्या रक्तात लोह, याच्या रक्तात तांबं. हिमोसायनिन नावाचं प्रथिन असतं. त्यात तांब्याचे दोन अणू मिळून प्राणवायूचा एक रेणू धरतात. धरला की निळं, सोडला की बिनरंगी. आपलं हिमोग्लोबिन तांबड्या पेशींत कोंडलेलं असतं, हे सरळ द्रवात विरघळलेलं. शिरांचं बंद जाळंही याला नाही. हृदयातून निघालेलं रक्त अवयवांच्या फटींत पसरतं, कल्ल्यांतून फिरून परत येतं. रक्त वेगळं आणि पेशींभोवतालचं पाणी वेगळं, असं काही उरतच नाही. म्हणून आम्ही त्याला हिमोलिंफ म्हणतो.

मामा : आणि तेच तांबं आम्ही सुपारीवर फवारतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लीटर पाणी. बोर्डो मिश्रण नाही मारलं तर कोळेरोगाने सगळी सुपारी गळते. उघडीप मिळाली की फवारायचं, आणि पुढच्या सरीला त्यातलं थोडं ओढ्यात.

भाची : म्हणूनच मी बाटल्या घेऊन फिरते. खेकड्याला तांबं हवंच असतं, पण मोजकं आणि प्रथिनाच्या मुठीत धरलेलं. पाण्यातून जास्तीचं शिरलं, मोकळं सुटलं, की पेशीत प्राणवायूचे उपद्रवी रेणू तयार व्हायला ते हातभार लावतं.

मामा : फ्री रॅडिकल म्हण. फळ्यावर ठिपके काढून शिकवलेत मी.

भाची : मग पुढचं सोपं आहे. श्वासातला बहुतेक प्राणवायू शेवटी पाणी होऊन संपतो. थोडासा वाटेत एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन निसटतो, तो सुपरऑक्साइड. त्याला आवरणारं विकर म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज. त्याचं हे काम १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिलं. ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं.

मामा : एक विष गेलं, दुसरं आलं.

भाची : त्याला कॅटलेज. जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो ना?

मामा : बटाट्याच्या फोडीवर दाखवायचो मी. पोरं टाळ्या वाजवायची.

भाची : तोच फेस. विष फुटून पाणी आणि प्राणवायू. ग्लुटाथायोनवर चालणारी विकरं आहेत, ती वेगळीच. पण मला सगळ्यात आवडते ती या डिसम्युटेजचीच गोष्ट. आपल्या पेशींच्या आतल्या द्रवात ते तांबं आणि जस्त यांच्यावर चालतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या निळ्या खेकड्यात शोधलं, तर त्या जागी ते मिळेना. मिळालं ते मँगनीजवर चालणारं. तांब्यावर श्वास घेणाऱ्या कवचधारींनी तो पालट केलेला दिसतो. त्यामागचं कारण असं सांगतात, की कात टाकण्याच्या चक्रात हिमोसायनिन घडतं, मोडतं, आणि पेशीतल्या तांब्याला सारखी भरती-ओहोटी असते. रखवालदाराचा पगार त्याच तिजोरीतून द्यायचा म्हटलं, तर ऐन गरजेला तो रजेवर.

मामा : हे मात्र फळ्यावर नव्हतं. बरं, पण तुझ्या प्रबंधाच्या नावात चरबी कुठून घुसली?

भाची : पावसाळ्यात सुकटीचा डबा नीट बंद नसला तर कसला वास मारतो?

मामा : खवट. आणि खोबरेल तसं लवकर खवटत नाही, कारण त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास मेदाम्लं संपृक्त. दुहेरी बंध नाही तिथे प्राणवायूला बोट शिरकवायला फट नाही.

भाची : आणि पाण्यातल्या प्राण्यांच्या मेदात फटीच फटी. थंड पाण्यात पेशींची आवरणं लवचीक राहायची तर दुहेरी बंध हवेत. पण त्याच बंधांवर उपद्रवी रेणू तुटून पडतात. एका रेणूने पेट घेतला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. डब्यात याला खवटणं म्हणतात, जिवंत खेकड्यातही तेच घडतं. थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळलं की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकी नासधूस जास्त. हे माझं एक माप. विकरं किती जोरात चालतात, हे दुसरं. रक्तातून मेद किती आणि कशातून वाहतो, हे तिसरं.

मामा : तिसरं म्हणजे माझा लिपिड प्रोफाइल. एचडीएल कमी आलं आणि डॉक्टरांनी कुर्ल्या बंद केल्या.

भाची : ऐका तर. खेकड्याच्या रक्तात मेद मुख्यतः एचडीएलसारख्या जड कणांवर बसूनच फिरतो.

मामा : वा! म्हणजे मी ज्याला खाऊ नये, त्याचा रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला.

भाची : पण त्याला एक मोठी अडचण आहे. कोलेस्टेरॉल त्याला स्वतः बनवताच येत नाही. आपलं यकृत रोज बनवतं. त्याला ते खाण्यातून मिळवावं लागतं. गोगलगायी, किडे, बेडकांची पिल्लं. वनस्पतींतल्या स्टेरॉलचंही तो थोडंफार रूपांतर करून घेतो. आणि कात टाकायचं संप्रेरक बनतं कोलेस्टेरॉलपासून. तुमचे डॉक्टर ज्याच्या नावाने घाबरवतात, ते मिळालं नाही तर खेकड्याची वाढ थांबते.

(मामांनी बशी तिरकी केली. थेंब ओघळला नाही. निळसर जेलीसारखा थिजून तो एका अंगाने नुसता थरथरला.)

मामा : गोठलं?

भाची : नळीत सायट्रेट असतं म्हणून तिथे गोठत नाही. बशीत ते नाही. आता हे जे गोठवणारं प्रथिन आहे ना, ते स्वतःच मेद वाहणारं आहे. पाय तुटला, पेशी फुटल्या, की एक विकर त्याचे रेणू एकमेकांना टाचतं आणि जाळं होतं. त्याची कूळकथा काढली तर ते अंड्यात बलक भरणाऱ्या प्रथिनाचं भाऊबंद निघतं. बुरशीच्या भिंतीतली साखर ओळखून धोक्याची सूचना देणारं आणखी एक प्रथिन आहे, तेही मेदवाहकच. आपल्या शाळेच्या पुस्तकात वाहतूक एका धड्यात, रोगप्रतिकार दुसऱ्या धड्यात. खेकड्यात हमालच पहारेकरी आहे. म्हणून मी मेद आणि संरक्षण वेगवेगळं मोजत नाही.

मामा : झालं तुझं? आता माझं ऐक. हमाल, पहारेकरी, सगळं मान्य. पण या सगळ्या खटाटोपाने तुला शेवटी सांगायचंय काय? खेकडा बरा आहे की नाही. ते मी बघून सांगतो. हातात घेतला की वजन कळतं. पायाच्या बुडाशी अंगठ्याने दाबलं की दबतो का ते कळतं. दबला तर पोकळ, नाही दबला तर भरलेला. मादी उचलली की पोटात लाख, म्हणजे अंड्यांचा गोळा, आहे का ते कळतं. ओढा बरा आहे की नाही, तेही दगड उलटून कळतं. पूर्वी दहा दगडांत किती मिळायचे आणि आता किती, एवढं मोज. सुई कशाला?

भाची : कारण दगडाखाली खेकडा नाही हे कळतं, तेव्हा तो जाऊन वर्ष झालेलं असतं. तुमच्या अंगठ्याला पोकळपणा कळतो तोही शेवटी शेवटी. विकरं त्याच्या आधी हलतात. आधी ती चढतात, कारण पहारा वाढवलेला असतो. ताण फारच लांबला तर बसतात. मधला काळ महत्त्वाचा, कारण तेव्हा फवारणीची वेळ बदलता येते, बागेचं पाणी ओढ्याऐवजी चरात वळवता येतं. आणि मी रक्तच घेते, कारण एवढंसं रक्त देऊन खेकडा परत जातो. यकृताचं काम करणारी त्याची ग्रंथी तपासायची तर त्याला मारावं लागेल.

मामा : ते बरं करतेस. तसे तुझ्या सुईपेक्षा घाटात टायरखालीच जास्त मरतात. पण आता मी मास्तर म्हणून विचारतो. आकडा लिहितेस तो कशाचा? प्रति मिलिलीटर रक्त?

भाची : हो, आधी तोच.

मामा : कात टाकताना खेकडा काय करतो? पाणी पितो, फुगतो, जुनं कवच फोडतो. नव्या कवचात मांस कमी, पाणी जास्त. मग रक्तही पातळ व्हायला हवं की नाही? सांग, घाटाखालच्या खेकड्याचं विकर तुला निम्मं मिळालं, तर ते मोरचुदाने निम्मं झालं की पाण्याने? अर्धा कप दुधात अर्धा कप पाणी घालून दुधातली साय कमी झाली म्हणण्यातला प्रकार.

(भाची क्षणभर गप्प. बादलीतल्या खेकड्याने नांगी पत्र्यावर आपटली.)

भाची : बरोबर आहे. म्हणून प्रति मिलिग्रॅम प्रथिनही काढते. पण प्रथिनही कातीबरोबर घटतं-वाढतं, आणि रक्तातलं बहुतेक प्रथिन म्हणजे हिमोसायनिनच. भागाकार केला म्हणून प्रश्न संपत नाही.

मामा : मग कुर्ली कधी भरते हे आमच्याकडून शीक. अमावास्येची भरलेली, पुनवेची पोकळ. मालवणच्या बाजारात कुणालाही विचार.

भाची : बाजारातली कुर्ली खाडीतली. तिचं चंद्राशी नातं असेल, भरतीमुळे. पण मामा, उधाण अमावास्येलाही येतं आणि पौर्णिमेलाही. भरतीच कारण असती, तर दोन्हीकडे सारखंच दिसायला हवं.

मामा : उजेड, बाय, उजेड. चांदण्यात ती भिऊन बाहेर पडत नाही, खात नाही, म्हणून पोकळ.

भाची : आणि जुलैत आंबोलीत चांदणं शेवटचं कधी पाहिलंत?

(यावर मामा मनापासून हसले. बाहेर चांदणं राहू द्या, पायरीसुद्धा दिसत नव्हती.)

मामा : ठीक. चंद्र खाडीसाठी ठेवू. पण पाऊस? शिमग्यानंतर ओढे आटायला लागले की खेकडा बिळात खोल जातो, तोंडाला चिखल लावतो. पहिल्या पावसाला निघतो. मे महिन्यातला खेकडा आणि जुलैतला खेकडा एकच प्राणी आहे, असं तुझी वही म्हणते का?

भाची : वही म्हणत नाही, आणि इथे तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात. बंद बिळात हवा कोंदट, प्राणवायू कमी. बाहेर आल्यावर प्राणवायूचा एकदम लोंढा, आणि त्याबरोबर उपद्रवी रेणूंचाही. ब्राझीलच्या हेर्मेस-लिमा यांनी एक गोष्ट मांडली आहे: अनेक प्राणी प्राणवायू कमी असतानाच आपली विकरं वाढवून ठेवतात. शत्रू यायच्या आधीच तटबंदी.

मामा : जशी आपण मे महिन्यात लाकडं भरून ठेवतो.

भाची : तशीच. म्हणजे मे महिन्यात विकर चढलेलं दिसलं, तर तो प्रदूषणाचा पुरावा असेल किंवा नुसती पावसाची बेगमी.

मामा : आणि लाख?

भाची : तीच सगळ्यात मोठी उलथापालथ. मादी अंड्यांत मेद भरायला लागली की रक्तातून बलकाचं प्रथिन वाहायला लागतं, रक्तातला मेद वाढतो. तुमची खाडीतली कुर्ली लाखो बारीक अंडी घालते. पिल्लं डिंभ होऊन समुद्रात वाहत जातात, नशीब असेल ती जगतात. सह्याद्रीतल्या या खेकड्यांची रीत वेगळी. अंडी थोडी, पण मोठी. आत बलकाची शिदोरी भरपूर. डिंभ वगैरे काही नाही, अंड्यातून थेट इवलासा खेकडा निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाच्या झडपेखाली राहतो. तो मेद आईच्या रक्तातूनच गेलेला असतो.

मामा : तिकडे लाखाची लाखो, इकडे लाखाची मोजकी.

भाची : लाख नारिंगी का दिसते माहीत आहे? त्यात अॅस्टाझँथिनसारखी रंगद्रव्यं असतात, गाजरातल्या द्रव्याच्या कुळातली. तीही ऑक्सिडीकरण रोखतात. मेदाची शिदोरी दिली, आणि ती खवटू नये म्हणून सोबत पहाराही. कवचात हेच द्रव्य प्रथिनाला जखडलेलं असतं, म्हणून त्याचा खरा रंग झाकलेला राहतो. कढईत प्रथिन मोडतं आणि कुर्ली लाल होते.

मामा : त्याच्या गोळ्या मिळतात. पुतण्याने दोन डबे आणून दिलेत. अँटिऑक्सिडंट जितकं घ्यावं तितकं चांगलं, म्हणाला.

भाची : बशी बघा आणि मग ठरवा.

(निळी झाक कधीच गेली होती. थिजलेल्या थेंबाची कडा आता तपकिरी, मधे काजळासारखा ठिपका.)

भाची : हे मेलॅनिन. रक्तातल्या पेशी फुटल्या, फिनोलॉक्सिडेज जागं झालं, आणि त्याने प्राणवायू वापरूनच हे काळं केलं. खेकड्याच्या कवचावर जखमेच्या जागी काळा डाग असतो, तो हाच. आत शिरलेल्या जंतूला असं काळ्या थरात गाडून टाकतात. रक्तपेशी जंतूवर सुपरऑक्साइडसुद्धा फेकतात. जे मघापासून मी उपद्रवी म्हणते आहे, तेच त्याचं हत्यार आहे. सगळंच विझवून टाकलं तर खेकडा निःशस्त्र होईल.

मामा : आणि माझे दोन डबे?

भाची : तुमच्या डब्यांचं मला सांगता येणार नाही. पण जितकं जास्त तितकं चांगलं, हे तत्त्व एकदा चांगलंच आपटलं आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग घटेल असं वाटलं होतं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तरी पहारा वाईट असं कुणी म्हणणार नाही. कुठे, केव्हा, किती, हे शरीराला ठाऊक असतं; डब्यावर लिहिलेलं नसतं.

मामा : मग तेच तुझ्या वहीला लाव की. कुठे, केव्हा, किती. तू फक्त किती लिहितेस.

(इथे वाद खरा थांबला, असं मला वाटलं. भाचीने वही उघडली. आडव्या रेघांच्या तक्त्यात ओढ्याचं नाव, तारीख आणि पुढे आकड्यांचे रकाने होते.)

भाची : सांगा.

मामा : जात लिही आधी. मी आयुष्यभर खेकडा एवढंच म्हणत आलो. तूच मागे सांगितलंस की घाटियाना ही अख्खी प्रजातीच २०१४ मध्ये नव्याने मांडली गेली. दोन ओढ्यांत दोन जाती निघाल्या, तर तुलना बुडाली.

भाची : ती लिहिलेली आहे. पुढे?

मामा : नर की मादी, झडप निमुळती की रुंद. लाख आहे का. पोटाखाली पिल्लं आहेत का. कवच कडक, मऊ की चामड्यासारखं. शेवटची सर कधी येऊन गेली. बागेत शेवटची फवारणी कधी झाली, हे बागवाल्याला विचारून. आणि शेवटचा रकाना माझा. भरलेला की पोकळ.

भाची : अंगठ्याने?

मामा : अंगठ्याने.

भाची : चालेल. औरंगाबादला प्रा. नागभूषणम आणि त्यांचे सहकारी शेतातल्या खेकड्यांच्या डोळ्यांच्या देठांतली संप्रेरकं वर्षानुवर्षं तपासत राहिले, ते हेच वेळापत्रक कळावं म्हणून. खेकडा वर्षाच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे सोडून त्याच्या रक्ताचा आकडा वाचायचा नाही. ते मला माहीत होतं, तरी तक्ता आखताना मी रकाना ठेवला नाही. पण मामा, माझीही एक अट. तुम्ही तुमचं मत आधी लिहायचं, पाकिटात घालून बंद करायचं. माझे आकडे नंतर येतील. मग दोन्ही शेजारी ठेवू. अंगठा खरा ठरला तर प्रबंधात छापीन. खोटा ठरला तरी छापीन.

मामा : आणि चंद्र?

भाची : तिथी लिहायला पैसे पडत नाहीत. कालनिर्णय भिंतीवर आहे. फक्त उत्तर आधी ठरवायचं नाही.

मामांनी बादलीत हात घातला. खेकड्याने नांगी उगारली, मामांनी सवयीने ती चुकवून त्याला मागून उचललं, उलटा केला, झडप पाहिली, तळव्यावर तोलला आणि पायाच्या बुडाशी अंगठा टेकवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. शाळेत कुणी उत्तरपत्रिका हातात दिल्यावर बसत असतील, तसे. मग चष्मा सरळ करून, भाचीच्या पेनाने, तिला दिसणार नाही असा हात आडवा धरून त्यांनी एक शब्द लिहिला आणि कागदाची घडी घातली.

तेवढ्यात मामी कपबश्या न्यायला बाहेर आल्या. काळा पडलेला थेंब त्यांनी पाहिला, आमच्या तिघांकडे पाहिलं, बशी दोन बोटांत उचलली आणि म्हणाल्या, “ही आता चहाची नाही. हिच्यावर खूण करून ठेवा.”

भाचीने मार्कर काढला आणि बशीच्या पाठीवर तारीख लिहिली. शेजारी, जरा थांबून, तिथीही.